बोला, पाणी

आमच्या टँकरच्या यार्डात एकच धड खुर्ची होती आणि तिच्यावर फोन बसायचा. माणूस शेजारी, उपड्या ड्रमवर. हा माणूस म्हणजे आमचे मामा. ते नक्की कुणाचे मामा होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर त्यांना मामू म्हणत, गिऱ्हाइकं मामा म्हणत आणि माझे दाजी, म्हणजे टँकरचे मालक, वयाने मोठे असूनही मामाच म्हणत. खुर्चीबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काम कोण करतंय? फोन. मग बसंल कोण?"

फोन वाजला की हॅलो नाही, नमस्कार नाही. रिसीव्हर कानाला लावायचे आणि म्हणायचे, "बोला, पाणी." जणू पाणीच जातीने फोनवर आलंय. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनं गिऱ्हाईक मात्र तो आवाज ऐकला की निम्मं शांत व्हायचं. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस लोक सणासारखा लक्षात ठेवतात, आणि तो सण चुकला की टँकरवाल्याला फोन करतात. फोन करणारा माणूस बहुधा चिडलेला असतो. त्याच्या घरी भांडी पडलेली असतात, पाहुणे आलेले असतात, बायको बोललेली असते. त्याला मामा सावकाश सांगायचे, "नववा नंबर हाय तुमचा. दम धरा. पाणी कुठं पळून जात नाय." आणि गंमत म्हणजे तो दम धरायचा.

मामा कुणालाही नावाने ओळखत नसत. टाकीने ओळखत. "दोन हजार, जिना अरुंद." "हजार, झाकण नाय." एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांच्याकडे गाडी होती, गाडीला ड्रायव्हर होता, घराला नाव होतं. मामांच्या लेखी ते "पाचशे, गळकी" होते. कुणाचं आडनाव काय, हुद्दा काय, कोण कुठल्या समाजाचा, हे त्यांना विचारावंच लागलं नाही. गच्चीवर काय आहे तेवढं कळलं की बास.

नंबर लावायची त्यांची रीत बघायला लोक यायचे. शेडच्या भिंतीवर चार दोऱ्या बांधलेल्या, चार टँकरच्या चार. दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. प्रत्येक चिमट्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर टाकी. टँकर निघाला की चिमटा काढायचा, मागचे पुढे सरकवायचे. दिवसभर मामा ड्रमवरून उठून दोरीशी आणि दोरीपासून फोनशी, असे चालत असायचे. करमाडहून अंधारातच निघायचे, क्रांती चौकात रिक्षा बदलायची आणि चितेगावच्या अलीकडे आमच्या यार्डात पहाटे साडेपाचला हजर. येताना स्वतःच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन यायचे. आमच्या टँकरचं पाणी मी त्यांना कधी पिताना पाहिलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "विकायचा माल तोंडाला लावू नये." दारूच्या दुकानदाराने म्हणावं तसं.

आता माझी ओळख करून देतो, कारण या हकिकतीत एक खलनायक लागतो.

मी मालकाचा मेहुणा. हे पद बऱ्याच धंद्यांत असतं. त्याला टेबल असतं, पंखा असतो, चहा असतो, काम नसतं. मामा मला "पाव्हणं" म्हणायचे. बारा वर्षं यार्डात बसून झाली तरी पाव्हणंच. त्यात टोमणा होता की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. कॉलेजात मी एकांकिका गाजवलेल्या, नकला अजूनही करतो, आणि माझी सगळ्यात चालणारी नक्कल होती मामांची. कुठलंही लग्न असो, जेवणं झाली की पोरं मागे लागायची, "मामा करा, मामा करा." मी ड्रम समजून पातेल्यावर बसायचो, खुर्चीवर कुणाचा तरी फोन ठेवायचो, मान किंचित वाकडी करायचो आणि आवाज छातीत खाली सोडून म्हणायचो, "बोला, पाणी." लोक लोळायचे. माझी सख्खी बहीण म्हणायची, डोळे मिटले तर मामाच.

असं सगळं सुखात चाललं असताना एक दिवस दाजी कुठूनतरी ऐकून आले की दुसऱ्या शहरात एका टँकरवाल्याने मोबाइलचं ॲप काढलंय. लोक घरबसल्या बोट लावतात आणि नंबर लागतो. फोन नको, चिमटे नकोत. दाजी म्हणाले, "आपलं पण पाहिजे. असं तयार नको, आपल्या धंद्याला शिवून घ्यायचं. कंपनी तू निवड."

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम. मी नवी फाइल आणली, फाइलवर नाव घातलं, खिशाला पेन लावलं. त्यानंतरचा महिनाभर मी मुलाचा बाप मुली बघायला हिंडतो तसा हिंडलो. प्रत्येक कंपनीत कांदेपोह्यांच्या जागी बिस्किटं. प्रत्येकाकडे भिंतीवर मोठा पडदा. प्रत्येकजण मला सर म्हणायचा. शेवटी दोन स्थळं उरली.

पहिली पुण्याची कंपनी. तिकडून दोघंजण दाजींच्या घरी आले, दोघांच्याही अंगात सारखी जाकिटं. त्यांनी आठ दिवसांत नमुना बनवून आणला होता. पडद्यावर निळा थेंब टपकायचा, थेंबातून टँकर निघायचा, टँकर नकाशावर चालायला लागायचा. मी दोनदा टाळ्या वाजवल्या. त्यांनी यार्ड पाहिलं नव्हतं. म्हणाले, गरज नाही सर, टँकरचा धंदा सगळीकडे सारखाच.

दुसरी आमच्या गावातली. क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. एक तिशीतली बाई आणि तिचा एक भागीदार, एवढीच कंपनी. बाईंनी नमुना काही आणला नाही. म्हणाल्या, मला आधी तीन दिवस तुमच्या यार्डात बसू द्या. दुसरा एक ड्रम उपडा करून त्या मामांच्या शेजारी बसल्या. तीन दिवस. फोन ऐकायचे, चिमटे बघायचे, वहीत लिहायचं. ड्रायव्हरांबरोबर दोन खेपाही मारून आल्या. चौथ्या दिवशी माझ्यासमोर चार पानं ठेवली. पानांवर निळा थेंब नव्हता, प्रश्न होते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांचा नंबर कसा लागणार? यार्डात रेंज जाते तेव्हा ड्रायव्हरला पुढचं घर कोण सांगणार? पहिले दोन महिने एकाच टँकरवर चालवून बघायची तयारी आहे का? एके ठिकाणी लिहिलं होतं की ॲपची सगळी मालकी तुमच्याकडे राहील, उद्या आमच्याशी पटलं नाही तर ते दुसऱ्याकडे नेता आलं पाहिजे. मला वाटलं, लग्नाच्या बोलणीत सोडचिठ्ठीचं काढतंय कोण?

आणि पहिल्याच पानावर सगळ्यात वर एक प्रश्न होता, तो मला मुळीच कळला नाही. चौथ्या दोरीच्या पहिल्या चिमट्यात चिठ्ठी नसते. सकाळपासून दुपारी बारापर्यंत एक टँकर भरून उभा असतो. तो कुणासाठी, हे मामांना विचारून ॲपमध्ये घ्यावं. कंसात लिहिलं होतं: ते सांगतील, पण चारचौघांत विचारू नये.

मी बारा वर्षांत तो रिकामा चिमटा पाहिला नव्हता. म्हणजे डोळ्यांसमोर होता, पण दिसला नव्हता. मला बाईंचा राग आला. तीन दिवस येऊन बसलेल्या माणसाने आपल्याच यार्डातलं आपल्याला विचारावं आणि आपल्याला उत्तर येऊ नये, हे कुणाला आवडेल? मी विषय बदलण्यासाठी मामांची नक्कल केली. चांगली झाली. मान, आवाज, सगळं. बाई हसल्या नाहीत. पेन उचलून म्हणाल्या, "ते 'दम धरा' कधी म्हणतात आणि कधी म्हणत नाहीत, हे तुम्ही पाहिलंय का?"

मामांनी स्वतः दोन्ही कंपन्यांना, पुण्याला फोनवर आणि बाईंना समोर, एकच प्रश्न विचारला होता. "सकाळी सहाला तुमचं ते बंद पडलं तर फोन कोण उचलील? माणसाचं नाव सांगा." पुण्याचे दोघं म्हणाले, आमचा चोवीस तास विभाग आहे, तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. बाई म्हणाल्या, "मी उचलेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सहाला मामांनी मला ड्रमशेजारी उभं केलं आणि पुण्याचा नंबर फिरवला. पलीकडे संगीत लागलं. मामांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मी ऐकतोय, ते बघतायत. मधेच एक गोड बाई इंग्रजीत म्हणायची की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, की पुन्हा बासरी. पहिला टँकर भरून निघून गेला तरी बासरीच. मामांनी विचारलं, "कसं हाय?" मी म्हटलं, चांगलं आहे. "व्हय, गाणं चांगलं हाय," म्हणाले आणि फोन ठेवला. मग क्रांती चौकातल्या बाईंना लावला. तिसऱ्या घंटीला झोपेतला आवाज आला, "बोला मामा, काय झालं?" मामा म्हणाले, "काय नाय. झोपा."

यापेक्षा स्पष्ट निकाल कोणता असतो? तरी मी निवडली पुण्याची.

का, ते आता सांगतो. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की दोन माणसांची कंपनी, उद्या बंद पडली तर आपण कुणाकडे बघायचं? दाजींना मी हेच सांगितलं आणि त्यांना ते पटलं, कारण ते पटण्यासारखं आहे. खरं कारण वेगळं होतं. पुण्याच्या दोघांनी मला एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेलं. सूप संपेपर्यंत मी मामांवर आलो होतो. ताट बाजूला सारून मी पूर्ण प्रयोग केला. फोन खुर्चीवर, चिमटे, न्यायाधीश, बासरीसुद्धा. ते दोघं असे हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो डोळे पुसत म्हणाला, सर, हे टॅलेंट वाया घालवू नका, हा आवाज आपण ॲपमध्ये घालू. नंबर लागला की फोनमधून हाच माणूस बोलेल. लोक वेडे होतील.

वेडा मी झालो. जो आपल्या विनोदाला हसला त्याला मी आमच्या धंद्याची किल्ली दिली. निवडीची एवढी मोठी फाइल केली होती, तिच्यात हे कारण कुठेच लिहिलेलं नाही.

ध्वनिमुद्रणाला मी पुण्याला गेलो. काचेची खोली, कानाला हेडफोन, समोर माइक. अहाहा. मी मामांची बारा वाक्यं म्हटली. "बोला, पाणी." "नंबर लागला बघा." "निघालं पाणी, टाकीचं झाकण काढा." आणि अर्थातच, "दम धरा. पाणी कुठं पळून जात नाय." शेवटचं वाक्य मी जरा जास्त ताणलं. काचेपलीकडच्या लोकांनी अंगठा वर केला.

ॲप यार्डात आलं त्या दिवशी दाजींनी पेढे वाटले. एका ड्रायव्हरने फोनवर बोट लावलं आणि मामांचा आवाज यार्डभर घुमला. ड्रायव्हर हसले, एकजण म्हणाला, "मामू, इसमें तो तुम बैठे हो." मग त्यांनी मामांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मामांनी तो फोन हातात घेतला. म्हणाले, परत लाव. परत ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साफ हाय. माझ्यापेक्षा साफ हाय." मी ते कौतुक समजलो. खरंच समजलो, आणि घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

फोन काढून टाकला. त्या क्रमांकावर आता कुणी फोन केला तर माझ्या आवाजातले मामा सांगायचे की ॲपवर नंबर लावा. चार दोऱ्या उतरवल्या. दाजींनी मोठ्या मनाने मामांना सांगितलं, आता तुम्ही खुर्चीवर बसा. मामा ड्रमवरच बसले. टँकर भरला की मोबाइलवर खूण करायची, एवढंच काम त्यांना उरलं. आणि पुण्याच्या लोकांनी शोधून काढलं की आपला एक टँकर रोज दुपारपर्यंत रिकामटेकडा उभा असतो. ॲपने तोही कामाला लावला. दाजी खूश. मामा एकदाच माझ्याजवळ आले, कुणी नाही असं बघून. म्हणाले, "पाव्हणं, एक खेप मोकळी ऱ्हाऊ द्या." मी विचारलं, कशासाठी? तेवढ्यात एका ड्रायव्हरने हाक मारली आणि मामा टँकरकडे गेले.

कशासाठी, हे मला त्याच ड्रायव्हरने नंतर सांगितलं, पण तेव्हा वेळ निघून गेली होती. मामा ती खेप मयताच्या घरासाठी ठेवत. कुणाच्या घरी माणूस गेला की घर भरतं. अंघोळी, शेजारपाजार, लांबून आलेली माणसं, आणि नळ कोरडा. अशा घरचा फोन आला की मामा नंबर सांगत नसत, दम धरा म्हणत नसत. नुसतं "निघालं" म्हणत, आणि खरंच निघालेलं असे. दुपारी बारापर्यंत कुणाचं काही झालं नाही तर ती खेप रांगेतल्या पुढच्या घराला. एवढी साधी गोष्ट त्यांनी वीस वर्षं दाजींनासुद्धा सांगितली नव्हती. ड्रायव्हरने न सांगण्याचं कारण विचारलं होतं. मामा म्हणाले होते, "सांगितलं की रोज कुणीतरी मरायला लागतंय."

क्रांती चौकातल्या बाईंना मात्र त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. शेजारी बसून कुणीतरी तीन दिवस काही न बोलता ऐकत होतं, म्हणून सांगितलं असेल.

मे महिन्यात एका सकाळी शहरातल्या एका घरी म्हातारे वडील गेले. मामांच्या भाषेत "दोन हजार, कुत्रं." बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. मुलाने नेहमीच्या क्रमांकावर फोन केला. मामांचा आवाज म्हणाला, ॲपवर नंबर लावा. त्याने नंबर लावला. एकतीस आला. मयत आहे हे लिहायला तिथे जागाच नव्हती, कारण कुणी तशी जागा ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मग, वडिलांना खाली घेतलेलं, बायका रडतायत, दारात माणसं उभी, आणि त्याच्या हातातला फोन मामांच्या आवाजात मोठ्याने म्हणाला, "दम धरा. पाणी कुठं पळून जात नाय." मी ते ताणून म्हटलं होतं. काचेपलीकडे लोक हसावेत म्हणून.

शेजाऱ्यांनी घरातून एकेक कळशी आणून दिली. त्यावर त्यांनी वडिलांना अंघोळ घातली. आमचा टँकर संध्याकाळी पोचला, तेव्हा घरात पाणी नको होतं, जमलेली माणसंच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मुलगा यार्डात आला. डोक्यावरचे केस काढलेले, पायांत चप्पल नाही. मामांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मामा कोण, असं त्याने विचारलं आणि मामा ड्रमवरून उठून उभे राहिले. मी माझ्या टेबलाशी. आमच्यात पाच पावलांचं अंतर.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मामा, बारा वर्षं तुमचा आवाज ऐकतोय. आमचे अण्णा म्हणायचे, हा माणूस खोटं बोलत नाही. त्यांना अंघोळ घालायची होती हो. तुम्ही म्हणालात, दम धरा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या घंटेनंतर पडदा वर जातो, दिवा आपल्यावर येतो आणि आपलं वाक्य असतं, तसा तो क्षण होता. सगळ्या यार्डाला माहीत होतं की वाक्य माझं आहे. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरचा चहा उचलला. थंड झाला होता. तरी प्यायलो.

मामा त्या मुलाला म्हणाले, "चुकलं माझं."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," मुलगा म्हणाला आणि अनवाणी गेला. बाहेर डांबर तापलेलं होतं, तो कडेकडेने मातीतून चालत गेला, हे मला अजून दिसतं.

मामा माझ्याजवळ आले. म्हणाले, "पाव्हणं, तेवढा आवाज काढून टाका." मी लगेच पुण्याला फोन लावला. बासरी लागली. दुपारी माणूस मिळाला, तो म्हणाला, तक्रार नोंदवा, पुढच्या आवृत्तीत बघू, दीड महिना तरी लागेल. मी म्हटलं, आमचं ॲप आम्हीच दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतो. तो म्हणाला, ते आमच्या मालकीचं आहे सर, करारात आहे. करारावर सही माझी होती. निळ्या शाईने, झोकदार.

म्हणजे पुढचा दीड महिना शहरातल्या दर घरात मामा बोलत राहिले, आणि मामा मात्र दुसऱ्या दिवसापासून यार्डात आले नाहीत.

मी करमाडला जायला आठवडा लावला. जाताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मामा दारात शेंगा निवडत बसले होते. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला कशाला सांगता? त्या पोराला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, म्हणजे झालं." क्रमांक त्यांना पाठ होता. चिठ्ठीवर लिहून दिला, वर टाकीही लिहिली.

मी क्रांती चौकात रिक्षातून उतरलो, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि फोन लावला. पलीकडून मुलगा म्हणाला, "हॅलो, कोण?" माझं नाव सांगायला मी तोंड उघडलं. खरोखर माझंच नाव सांगणार होतो. पण घशातून जो आवाज निघाला तो खाली, छातीतून, शेवटाला बसणारा. "मामा बोलतोय," मी म्हटलं. "त्या दिवशीचं लई लागलंय मनाला. माफ करा."

तो म्हणाला, "जाऊ द्या मामा. तुम्ही फोन केलात, बरं वाटलं." आणि रडायला लागला. मी फोन बंद केला. माझी आयुष्यातली सगळ्यात उत्तम नक्कल ती, आणि ती मी कुठल्याच लग्नात सांगू शकलो नाही.

दाजींनी पुढे ते ॲप बंद केलं. क्रांती चौकातल्या बाईंना पुन्हा बोलावलं, त्या आल्या, आणि आता एक टँकर परत दुपारपर्यंत उभा असतो. मयताचं घर असेल तर फोन थेट माणसाकडे जातो. तो फोन मी उचलतो. माझ्या आवाजात. मामा मात्र परत आले नाहीत.

वर्षभराने मी पुन्हा करमाडला गेलो. मामा थकले होते, पण खुशीत होते. म्हणाले, तो "दोन हजार, कुत्रं" घरी आला होता. अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाचं बोलावणं घेऊन. पाया पडला आणि म्हणाला, मामा, तुम्ही त्या दिवशी फोन केला नसता तर मी तुमचं तोंड पाहिलं नसतं.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

मामा खाटेवर सरकून बसले. "काय म्हणणार? पोरगं रडत हुतं. म्हणलं, व्हय, मीच केला हुता." मग माझ्याकडे वळले. "खोटं बोलाय लावलंत बघा, पाव्हणं."

रागाने नाही म्हणाले. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलो. आतून मामींनी हाक मारली, जेवायला वाढलंय म्हणून. मामा उठले, मला म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाय. शेंगांची आमटी होती, भाकरी होती, भात होता, त्यांच्या विहिरीचं गोड पाणी होतं. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. सांगायला लाज वाटते, पण मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.